गणितात पुढे गेलेलं मूल: वेग किती ठेवायचा?

नऊ वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर बसली होती. तिच्या वर्गात भागाकार चालू होता आणि ही बाई घरी एका चलातली समीकरणं सोडवत होती. आईवडिलांनी टेकता टेकताच विचारलं, "आता वर्गसमीकरणं सुरू करू का? वर्षभरात तिथवर जाईल ती."

मी कागदावर लिहिलं: 2 ÷ 2/3. पापणी लवायच्या आत उत्तर आलं, 3.

"कसं काढलंस?"

"खालचा वर, वरचा खाली, आणि गुणायचं."

"बरं. दोन मीटर दोरी आहे. तिचे दोन तृतीयांश मीटरचे तुकडे कापले तर किती होतील?"

ती थांबली. कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हे वेगळं गणित आहे ना?"

वेगळं नव्हतं, तेच होतं. पण गंमत पुढे आहे. मी गप्प राहिले. तिनं एक आडवी रेघ ओढली, तिचे सहा सारखे भाग केले, दोन-दोनच्या जोड्या मोजल्या आणि ओरडली, "अरेच्चा, तीनच!" मग पुन्हा थोडा वेळ शांतता. आणि मग तिचाच प्रश्न: "पण दोनाला भागून तीन कसे येतील? भागल्यावर कमी व्हायला पाहिजे ना?" त्याचंही उत्तर तिनंच काढलं. तुकडा एक मीटरपेक्षा लहान असेल तर तुकडे दोनापेक्षा जास्त निघणारच. जाता जाता तिनं 2/3 ÷ 3/4 सुद्धा करून पाहिलं. उत्तर 8/9. म्हणजे काय? पाऊण मीटरचा एकही पूर्ण तुकडा निघत नाही, तुकड्याचे नऊ भाग केले तर त्यातले आठच मिळतात. हेही तिनंच शोधलं, मी सांगितलं नाही.

म्हणजे दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. मुलगी खरोखर हुशार होती, आणि तिला जिथवर नेलं होतं तिथवर ती पोचलेली नव्हती. "पुढचं पाठ, मागचं सपाट" ही म्हण साधारणपणे मठ्ठ मुलांसाठी वापरतात. माझ्या अनुभवात ती हुशार मुलांना जास्त लागू पडते, कारण त्यांचं पुढचं इतकं चटकन पाठ होतं की मागचं सपाट झालंय हे कुणाच्या लक्षातच येत नाही.

अशा मुलाला किती वेगानं पुढे न्यायचं, हा प्रश्न पालक विचारतात तेव्हा त्यांना एक आकडा हवा असतो. एक वर्ष पुढे, दोन वर्षं पुढे, तीन? मला तो आकडा आधी सांगता येत नाही, आणि कुणी सांगत असेल तर मला त्याच्याबद्दल शंका येते. चटकन न सुटणारं गणित समोर आल्यावर मूल काय करतं, हे पाहायचं. वेग त्यावरून कळतो, आणि दर काही महिन्यांनी तो बदलतोही.

दोन मुलं, एकच विद्यापीठ

मुलाला भराभर पुढे नेण्याची गोष्ट निघाली की कुणीतरी विल्यम जेम्स सिडिसचं नाव काढतोच. 1909 मध्ये वयाच्या अकराव्या वर्षी तो हार्वर्डमध्ये दाखल झाला, 1910 च्या जानेवारीत त्यानं तिथल्या गणित मंडळात चार मितींच्या आकृत्यांवर व्याख्यान दिलं, वर्तमानपत्रांनी डोक्यावर घेतलं. पुढे त्यानं गणित सोडलं, लोकांच्या नजरेपासून पळत कारकुनीची कामं केली आणि 1944 मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी तो वारला. "बघा, असं होतं घाई केली की."

त्याच काळात त्याच हार्वर्डमध्ये आणखी एक मुलगा होता, नॉर्बर्ट वीनर. तोही अकराव्या वर्षी महाविद्यालयात गेलेला, चौदाव्या वर्षी पदवीधर झालेला, 1913 मध्ये अठराव्या वर्षी पीएच.डी. झालेला. पुढे तो विसाव्या शतकातल्या मोठ्या गणितज्ञांत गणला गेला, सायबरनेटिक्स हे, यंत्रं आणि सजीव यांच्यातल्या नियंत्रणाचं आणि संदेशांचं, शास्त्र त्यानं उभं केलं. पण त्याचं बालपण सुखाचं होतं असं मात्र नाही. वडील घरी बीजगणित शिकवत, आणि पहिली चूक होईपर्यंत सगळं प्रेमानं चाले. चूक झाली की तोच माणूस वेगळा होई, हे वीनरनंच लिहून ठेवलंय.

या दोघांच्या गोष्टींवरून काय सिद्ध होतं? वेगाबद्दल काहीच नाही. एकाच वेगानं गेलेली दोन मुलं दोन टोकांना पोचली. दोघांच्या बाबतीत सलणारी गोष्ट दुसरीच आहे: एकाच्या मागे वर्तमानपत्रं लागली आणि दुसऱ्याच्या चुकीला घरात जागा नव्हती. वेगाचा निकाल लावायला एकट्यादुकट्या गोष्टी पुरत नाहीत, शेकडो मुलं अनेक वर्षं पाहावी लागतात. आणि हे काम खरंच झालेलं आहे.

पन्नास वर्षांचा हिशोब

अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात ज्युलियन स्टॅन्ली नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. 1960 च्या दशकाच्या शेवटी त्यांच्यासमोर बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा आणला गेला. शाळेत त्याला शिकवण्यासारखं काही उरलं नव्हतं. स्टॅन्लींनी त्याला महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा द्यायला लावली, त्यानं ती उत्तम दिली, आणि तेराव्या वर्षीच तो विद्यापीठात बसू लागला. चांगला रमला. स्टॅन्लींना वाटलं, अशी आणखी किती असतील? त्यातून 1971 मध्ये गणितात लवकर चमकणाऱ्या मुलांचा दीर्घ अभ्यास सुरू झाला. पुढे कॅमिला बेनबो आणि डेव्हिड लुबिन्स्की यांनी तो चालवला. पाच गटांत मिळून सुमारे 5,000 मुलं त्यात आली आणि त्यांतली पहिली मुलं आता साठी ओलांडून गेली आहेत.

या अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या. पहिली: गणिताची समज सारखीच असलेल्या मुलांची तुलना केली, तेव्हा इयत्ता गाळून पुढे गेलेल्यांनी मोठेपणी विज्ञान-गणितात उच्च पदव्या घेण्याचं आणि संशोधन प्रसिद्ध करण्याचं प्रमाण जास्त होतं, आणि ते त्यांनी कमी वयात केलं. दुसरी: पुढे गेल्यानं मूल एकटं पडेल, मनानं खचेल, ही जी भीती सगळ्यांना वाटते, तिला आधार मिळाला नाही. दीड हजारांहून जास्त जणांना साधारण 35 वर्षांनी, पन्नाशीच्या आसपास गाठलं, तेव्हा कोण किती पुढे नेला गेला होता याचा त्यांच्या मानसिक स्वास्थ्याशी वाईट असा काही संबंध दिसला नाही.

म्हणजे सरसकट "नको बाई घाई" म्हणणाऱ्यांची बाजू लंगडी पडते. मुलाला दोन वर्षं आधीच येत असलेलं पुन्हा पुन्हा करायला लावणं, हेही नुकसानच आहे. ते फक्त दिसत नाही.

पण इथे एक मोठा "पण" आहे. ही मुलं निवडलेली होती, गणितात आपल्या वयाच्या वरच्या एक टक्क्यातली, काही तर दहा हजारांत एक अशी. त्यांना जे मानवलं ते शेजारच्या हुशार मुलाला मानवेलच असं नाही. त्याचा धडा नॉर्थ कॅरोलिनातल्या एका शहरानं घेतला. तिथे बऱ्याच मुलांना ठरल्या वेळेच्या आधीच बीजगणिताच्या वर्गात बसवलं गेलं. मध्यम तयारीच्या मुलांचे बीजगणिताचे गुण तर घसरलेच, शिवाय त्यापुढची भूमिती पार करण्याचं प्रमाणही कमी झालं. बीजगणित तेच, वयही तेच. फरक फक्त एवढाच की ते सगळ्यांना एकाच दिवशी वाढलं गेलं.

फुटपट्टीपेक्षा उंच मूल

मग आपलं मूल कुठे बसतं, हे कळायचं कसं? शाळेतल्या 100 पैकी 100 वरून कळत नाही. फुटपट्टी लावून उंची मोजायला गेलात आणि मूल फुटपट्टीपेक्षा उंच निघालं, तर एवढंच कळतं की ते एका फुटापेक्षा उंच आहे. किती उंच, ते नाही. वर्गात पैकीच्या पैकी गुण मिळवणारी दोन मुलं घ्या. एकाला वर्गातलं सगळं येतं आणि तेवढंच येतं. दुसऱ्याला पुढच्या चार वर्षांचं बरंचसं न शिकवताच येतं. शाळेची परीक्षा दोघांना एकाच ओळीत उभं करते.

स्टॅन्लींची युक्ती साधी होती: फुटपट्टी बदला. 1972 मध्ये त्यांनी पहिल्यांदा बारा-तेरा वर्षांच्या काही शे मुलांना सतरा-अठरा वर्षांच्या मुलांसाठी असलेली गणिताची परीक्षा दिली. शाळेत सगळे सारखेच चमकणारे इथे लांबवर पांगले. काही जण अंदाजानं गोळ्या मारण्याच्या पातळीवर, तर काही थेट महाविद्यालयात जाणाऱ्या सरासरी मुलाच्याही वर.

हेच घरी किंवा शाळेत लहान प्रमाणात करता येतं. पुढच्या इयत्तेची वर्षअखेरीची प्रश्नपत्रिका घ्या, काही शिकवू नका, पहिल्यांदा घड्याळही लावू नका. बहुतेक सगळं आलं तर त्याच्या पुढच्या इयत्तेची. गाडी जिथे अडखळते तिथे थांबा, आणि मग गुणांकडे न बघता चुकांकडे बघा. काही चुका नुसत्या ओळख नसल्याच्या असतात. मुलाला ते चिन्ह किंवा शब्दच माहीत नसतो, पाच मिनिटांत सांगून होतं, तेवढ्यासाठी वर्षभर वर्गात बसायची गरज नाही. काही चुका धांदलीच्या. आणि काही खऱ्या खड्ड्याच्या, दोरीच्या गणितासारख्या. शिकवायचं ते फक्त या तिसऱ्या प्रकारचं. स्टॅन्लींच्या वर्गांची रीतही हीच होती: काय येत नाही ते शोधायचं, तेवढंच शिकवायचं, पुन्हा तपासायचं, पुढे सरकायचं. शनिवारी काही तास असे वर्ग भरवून त्यांच्याकडच्या मुलांनी शाळेतली काही वर्षांची तयारी वर्षा-सव्वा वर्षात संपवली होती.

धांदलीच्या चुकांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण तिथे फार मुलांवर अन्याय होतो. शिक्षक म्हणतात, "साध्या गुणाकारात चुका करतोय, याला पुढचं कसं देऊ?" ऐकायला बरोबर वाटतं. पण सोप्याच गणिताचं चौथं पान करताना मोठ्या माणसाचं तरी लक्ष राहील का? मूल कंटाळून चुकतं, चुकतं म्हणून आणखी तसलीच गणितं मिळतात, आणि मग ते आणखी चुकतं. एकदा अवघड गणित देऊन पाहा. अवघडात चुका कमी आणि सोप्यात जास्त असतील, तर रोग कंटाळ्याचा आहे. उलट असेल तर गोष्ट वेगळी.

सहा-सात वर्षांच्या मुलांत आणखी एक घोळ असतो. डोकं धावतं आणि हात धावत नाही. पाच पायऱ्या लिहायच्या म्हटल्यावर बोटं दुखतात, अक्षर ओळीबाहेर जातं, मूल रडतं, आणि निष्कर्ष निघतो की "झेपत नाही". त्याला तोंडी सांगू द्या, लिहायचं काम तुम्ही करा. काय झेपत नव्हतं ते लगेच कळेल.

खोल की पुढे?

इथे हमखास वाद होतो. एक पक्ष म्हणतो मुलाला पुढे न्या, दुसरा म्हणतो तिथेच ठेवून खोल न्या. मला दोघांचंही निम्मंच पटतं.

खोल जाण्याच्या बाजूनं एक दाखला असा. शालेय मुलांची जगातली सर्वांत अवघड गणित स्पर्धा म्हणजे आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड, 1959 मध्ये रुमानियात सुरू झालेलं. दोन दिवस, रोज साडेचार तास आणि रोज फक्त तीन प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला दीड तास, आणि तरीही जगभरातून निवडून आलेल्या मुलांतली बरीच जण एखाद्या प्रश्नाचा कागद जवळजवळ कोराच देऊन उठतात. या प्रश्नांना अकरावी-बारावीत येणारं कॅल्क्युलस लागतच नाही. ज्या विषयापर्यंत मुलाला लवकरात लवकर नेण्यासाठी पालक जिवाचं रान करतात, त्याच्या अलीकडेच एवढं अवघड गणित पडलेलं आहे.

त्या मुलीला मी दिलेलं एक गणित सांगते. विषम संख्या घे, तिचा वर्ग कर, त्यातून 1 वजा कर. 3 चा वर्ग 9, उरले 8. 5 चा 25, उरले 24. 7 चा 49, उरले 48. 9 चा 81, उरले 80. काही दिसतंय? सगळे आठाच्या पाढ्यातले आहेत, हे तिनं लगेच सांगितलं. 11 आणि 13 करून पाहिले, 120 आणि 168, तेही आठाच्या पाढ्यात. "नेहमी असंच होणार का?" "हो." "कशावरून?" आणि इथे पहिल्यांदा तिच्याकडे रीत नव्हती.

तीन दिवस लागले तिला. तिसऱ्या दिवशी ती हे घेऊन आली: 7 × 7 म्हणजे 49, आणि 6 × 8 म्हणजे 48. 9 × 9 म्हणजे 81, आणि 8 × 10 म्हणजे 80. म्हणजे एक वजा करणं आणि दोन्ही बाजूंच्या सम संख्यांचा गुणाकार करणं सारखंच. आणि लागोपाठच्या दोन सम संख्यांमधली एक तरी चाराच्या पाढ्यात असतेच. दुसरीत निदान एक दोन आहेच. चार दुणे आठ.

या गणिताला पाढ्यांपलीकडे काही लागत नाही. पण ते सुटलं तेव्हा ती मला म्हणाली, "सात आणि नऊ काढून टाकून कोणत्याही संख्येसाठी हे कसं लिहायचं?" आणि मग मी तिला बीजगणितातलं ते सूत्र दाखवलं, दोन वर्गांच्या वजाबाकीचं, जे तिच्या इयत्तेपासून बरंच लांब होतं. तिला ते एका मिनिटात कळलं, कारण तिला त्याची गरज पडली होती. म्हणून खोल की पुढे हा वाद मला फारसा पटत नाही. मूल खरोखर खोल गेलं की त्याला पुढचं लागतंच, आणि तेव्हा ते द्यावं. कोणत्या इयत्तेचं आहे ते बघत बसू नये.

मात्र "खोल"च्या नावाखाली जे खपवलं जातं त्यापासून सावध. दोन अंकी गुणाकार येणाऱ्याला चार अंकी गुणाकाराची तीस गणितं देणं याला खोली म्हणत नाहीत. ती हुशार असल्याची शिक्षा झाली.

थांबायचं कुठे

पुढे नेताना दोन जागा अशा आहेत की तिथे मी कुणाचंही ऐकत नाही. एक अपूर्णांक. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या माहितीवर रॉबर्ट सीगलर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. साधारण दहाव्या वर्षी अपूर्णांक आणि भागाकार किती पक्के आहेत, यावरून पाच-सहा वर्षांनंतरच्या बीजगणिताचा अंदाज बांधता येत होता. बुद्ध्यांक, घरची परिस्थिती, बेरीज-वजाबाकी हे सगळं हिशोबात धरूनही. कारण उघड आहे. बीजगणितात छेदात अक्षरं येतात तेव्हा रेघ ओढून तुकडे मोजता येत नाहीत, आधी मोजलेले असावे लागतात.

दुसरी जागा बीजगणिताच्या उंबरठ्यावरची. (x + 3) चा वर्ग किती, असं विचारलं की घाईनं पुढे आलेलं मूल म्हणतं, x चा वर्ग अधिक 9. चूक सगळेच करतात, त्याचं काही नाही. मी म्हणते, "x च्या जागी 10 ठेवून बघ." तेराचा वर्ग 169, आणि त्याच्या उत्तराप्रमाणे 109. आता मूल काय करतं ते पाहायचं. एक मूल चमकतं, "मग साठ गेले कुठे?" म्हणतं आणि चौकोन काढायला घेतं. दुसरं मान वर करून म्हणतं, "मग बरोबर सूत्र कोणतं, सांगा ना." पहिल्याला बेलाशक पुढे न्या. दुसऱ्यासाठी अक्षरं म्हणजे अजून नुसती अक्षरंच आहेत. त्याला परत आकड्यांत आणा, थोडे दिवस.

सूचक गोष्टी आणखीही असतात. मूल स्वतः गणितं तयार करतं का? उत्तर मिळाल्यावरही दुसरी वाट शोधतं का? की प्रत्येक नव्या गणिताला पहिला प्रश्न "हे कोणत्या रीतीनं करायचं" हाच असतो? चूक दाखवली की कागद लपवतं का? "मी तीन वर्षं पुढे आहे" हे वाक्य त्याच्या तोंडी किती वेळा येतं? हे शेवटचं वाक्य मुलाच्या तोंडी बहुतेकदा दुसऱ्या कुणाकडून आलेलं असतं.

एका विषयाची उडी आणि अख्ख्या इयत्तेची

आयोवा विद्यापीठातून 2004 मध्ये आलेल्या एका अहवालात मुलाला पुढे नेण्याचे अठरा प्रकार मांडले होते. आपल्या डोक्यात मात्र एकच असतो, इयत्ता गाळणं. खरं तर फक्त गणिताच्या तासाला वरच्या वर्गात जाऊन बसणं आणि बाकीचे विषय आपल्या वर्गाबरोबर करणं हा प्रकार अनेक मुलांना पुरतो. अख्खी इयत्ता गाळायची तर भाषा, लेखन, वाचन हेही पुढे असायला हवं. त्याच विद्यापीठात तयार झालेल्या इयत्ता गाळण्याच्या मोजपट्टीत दोन अटी मला फार शहाणपणाच्या वाटतात: मोठं भावंड ज्या वर्गात आहे त्याच वर्गात धाकट्याला टाकू नये, आणि मुलाची स्वतःची इच्छा नसेल तर विषय तिथेच सोडावा. कागदावर साध्या दिसतात. घरात बसून ठरवताना नेमक्या त्याच विसरल्या जातात.

एका विषयाच्या उडीचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण म्हणजे गणितज्ञ टेरेन्स टाओ. ऑस्ट्रेलियातला, 1975 चा जन्म. आठव्या वर्षी त्यानं स्टॅन्लींनी वापरलेल्या त्याच परीक्षेच्या गणितात 800 पैकी 760 मिळवले होते. वेगाची चैन करायची असती तर याच्याइतकं योग्य मूल नव्हतं. पण आईवडिलांनी काय केलं? माध्यमिक शाळेत तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसायचा, गणित-भौतिकशास्त्राला वर आणि बाकीच्यांना खाली. नवव्या वर्षापासून विद्यापीठातले काही तास सुरू झाले, पण पूर्ण वेळ विद्यापीठात तो काही वर्षांनी गेला. सर्वांत लहान पदवीधर म्हणून नाव व्हावं एवढ्यासाठी घाई करणं म्हणजे नुसती कसरत, त्यापेक्षा पाया रुंद होऊ दे, असं वडिलांचं मत होतं. मधल्या वर्षांत त्यानं ऑलिंपियाडमध्ये 1986 ला कांस्य, 1987 ला रौप्य आणि 1988 ला सुवर्णपदक घेतलं. 2006 मध्ये फील्ड्स पदक, गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक. तो इतरांपेक्षा कितीतरी पुढे होता, आणि त्याला जमलं असतं तेवढं पुढे मात्र नेलं नव्हतं. या दोन्ही गोष्टी एकदम लक्षात ठेवायला जड जातात, म्हणून लोक सोयीची एकच सांगतात.

आता थोडा व्यवहार. समजा आठ वर्षांचं मूल दरवर्षी दोन वर्षांचं गणित संपवतंय. तेराव्या वर्षी त्याचं अठरा वर्षांच्या मुलाचं शालेय गणित संपेल. मग? पुढची पाच वर्षं त्याला कोण शिकवणार, कुठे शिकवणार? मिसरूडही न फुटलेल्या मुलाला एकोणीस वर्षांच्या वर्गात बसवायला आपण तयार आहोत का, आणि मधे एखादं वर्ष गणिताशिवाय गेलं तर त्याचं काय होईल? वेग ठरवताना रस्ता कुठे संपतो हे बघणारे पालक मला फार कमी भेटतात. उपाय म्हणजे मूळ संख्या आणि भाज्यता, मोजणीचे प्रश्न, संभाव्यता, आलेखांची कोडी, सिद्धता लिहिणं, थोडं प्रोग्रॅमिंग असं सगळं वाटेतच घेत जाणं. यातलं बरंचसं शाळेच्या मुख्य रांगेत नाहीच, त्यामुळे ते केल्यानं पुढच्या वर्गाचं काही "संपत" नाही आणि मूल मात्र दमदार होतं. शिवाय प्रत्यक्षात वर्षाला दोन वर्षं असा सरळ हिशोब कुणाचाच चालत नाही. पूर्णांक झपाझप संपतात, अपूर्णांकांना वेळ लागतो, बीजगणित पुन्हा पळतं, आणि पहिली सिद्धता लिहायची वेळ आली की महिनाभर पानं कोरी.

कधीकधी मागेही यावं लागतं. त्याचा बोलबाला करू नये. "तुला जमलं नाही म्हणून मागे" असं मुलाला वाटलं की गणितापेक्षा तेच जास्त दिवस लक्षात राहतं. "इथे एक मजेची गोष्ट आपण बघायचीच विसरलो" असं म्हणून खुशाल मागचा धडा उघडावा. खोटं तर काही नसतंच त्यात.

त्या मुलीच्या आईवडिलांना मी सांगितलं, वर्गसमीकरणं येतील तेव्हा येतील, पण तिला थांबवूही नका. दोन महिने अपूर्णांकांत आणि आठाच्या पाढ्यात गेले. वडील मधूनमधून विचारायचे, "पुढचं कधी?" गेल्या आठवड्यात ती आली ती वही उघडूनच. विषम संख्यांच्या वर्गाचं झालं, म्हणून तिनं घन घेतले होते. 27 मधून 1 वजा, 26, आठानं जात नाही. 125 मधून 1 वजा, 124, तेही नाही. त्यावर फुली. खाली दुसऱ्या शाईनं लिहिलं होतं: एकाऐवजी तीच संख्या वजा केली तर? 27 मधून 3, उरले 24. 125 मधून 5, उरले 120. 343 मधून 7, उरले 336. 729 मधून 9, उरले 720.

"आठ नाही," ती म्हणाली, "आता चोवीस येतायत. पण मधेच तीन कुठून आला ते सांगू नका."